महिना सरू द्या

बुलढाणा
मंगळवार, १९ मे २०२६
अधिक ज्येष्ठ शुद्ध तृतीया

श्री. प्रज्वल यांस,
नमस्कार.

माझं पत्र पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या, पण फाडू नका. फोन करून पाहिला, तीनदा. शेजारचा आल्हाद म्हणाला, "काका, त्यांनी तुमचा नंबर ब्लॉक करून ठेवलाय." म्हणजे काय ते त्याने समजावून सांगितलं. सोय चांगली आहे. पूर्वी असती तर मी बऱ्याच यजमानांवर वापरली असती.

मुद्द्यावर येतो. परवा रविवारी अधिक महिना लागला. शरयूची आई तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे की तुम्हाला धोंड्याचं जेवायला बोलवा. तुम्ही तिला एकदाच पाहिलंत, अकोल्याच्या दवाखान्यात, त्या दिवशी. तेव्हा कोण कुणाकडे बघत होतं! तिचं नाव सरस्वती. तिने आजवर जावयाला एक घास वाढलेला नाही. तुमच्या लग्नानंतर दोन अधिक महिने येऊन गेले. पहिल्याला मी बोलावू दिलं नाही. दुसऱ्यात शरयूच गेली. हा तिसरा.

तिने मला विचारलं, जावई नारायण आणि लेक लक्ष्मी म्हणून दोघांना वाण देतात; लक्ष्मीच नसेल तर नारायणाला एकट्याला देता येतं का? चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी पूजा सांगतो, असल्या प्रश्नांची उत्तरं खाडकन देतो. म्हणालो, "देता येतं." कुठे लिहिलंय असं तिने विचारलं असतं तर माझी पंचाईत होती. तिने विचारलं नाही.

तेव्हा कृपा करून या. इराला आणा. साडेचार वर्षांची झाली ना? ती आम्हाला पाहून रडली तरी चालेल, आम्ही सवय करून घेऊ. जुन्या गोष्टी मी काढत नाही. तुमचं दुःख मोठं आहे, आमचंही काही लहान नाही.

आपला,
शरच्चंद्र


बुलढाणा
सोमवार, २५ मे २०२६

चि. प्रज्वलराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही शरयूच्या आईला फोन केलात, रविवारी पौर्णिमेला येतो म्हणालात. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि दहा मिनिटं बाहेर आली नाही. आता तांदूळ भिजत घातले आहेत. तेहतीस अनारसे हवेत, बत्तीस नाहीत आणि चौतीस नाहीत, यावर ती माझ्यापेक्षा कडक आहे. इराला तिखट चालतं का, पुरण आवडतं का, अंगात केवढ्या मापाचा फ्रॉक येतो, हे सगळं ती मला विचारते. मी काय सांगू? मी आपला पंचांगात तोंड घालून बसतो.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. काल तुमच्या मातोश्री गीताबाई आल्या होत्या. संग्रामपूरहून बदलत बदलत एसटीने, या उन्हात. पडवीतच बसल्या, पाणी प्यायल्या. शरयूच्या नावाने दीपदान कसं करायचं ते विचारायला आल्या होत्या. आणखी एक मागणं होतं, ते इथे लिहीत नाही.

तुम्ही इराला घेऊन पिंपळगाव राजाला बिऱ्हाड केलंत आणि गीताबाई तिकडे शेतात एकट्या राहतात, हे मला माहीत होतं. तीन वर्षांत तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत, हे काल कळलं. कारण सगळा जिल्हा जाणतो. शरयूच्या पित्ताशयात खडे झाले, डॉक्टरांनी ऑपरेशनचा वार ठरवून दिला, आणि सासूने धोंड्याचा महिना आहे म्हणून ते पुढे ढकललं. पंधरा दिवसांत खडा सरकला, स्वादुपिंडाला सूज आली आणि तीन दिवसांत खेळ आटोपला.

प्रज्वलराव, मी वडीलकीच्या नात्याने सांगतो. बाई शिकलेली नाही. तिने काही वाईट चिंतून केलं नाही. अज्ञानाने झालेल्या चुकीला शास्त्रातसुद्धा क्षमा आहे. एवढं मनात धरून या.

आपला,
शरच्चंद्र


बुलढाणा
सोमवार, १ जून २०२६
अधिक ज्येष्ठ वद्य प्रतिपदा

चि. प्रज्वलराव,

काल तुम्ही अर्ध्या ताटावरून उठून गेलात. चूक माझी होती. मागच्या पत्रात मी ज्या मागण्याबद्दल लिहिलं नाही ते हेच. गीताबाई म्हणाल्या होत्या, "पुनवेले इरा येऊन राह्यली म्हणे. मले मागच्या खोलीत बसू द्या गुरुजी. मी बोलणार नाई, समोर येणार नाई. पोरगी कशी चालते, कशी बोलते, दाराच्या फटीतून पाहीन नुसती." शरयूच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. ते का नव्हतं, ते पुढे कधी लिहीन.

बाई सकाळी सातलाच आल्या. नुसत्या बसतील कशा? पुरण वाटलं, धोंडे वळले, कणकेचे गोळे कसे झाकायचे ते शरयूच्या आईला दाखवलं. तुम्ही आलात. मी तुमचे पाय धुतले, तेव्हा तुम्ही अंग चोरलंत. इरा माझ्या हातातल्या ताम्हनाकडे बघत होती आणि अनारसे मोजत होती. बारानंतर तिला आकडे येत नाहीत, पुन्हा एकपासून सुरू करते. शरयूच्या आईच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत मी जे पाहिलं नव्हतं ते तेव्हा पाहिलं. मी म्हटलं, चला, निभावलं.

मग इरा पाणी मागायला आत धावली आणि तिथूनच ओरडली, "पप्पा, इथं एक आजी रडून राह्यली!"

तुम्ही उठलात. दारात उभे राहून म्हणालात, "माय, तू इथं काऊन?"

गीताबाईंच्या हाताला पुरण लागलेलं होतं, ते त्या पदराला पुसत राहिल्या.

"हे तुम्हीच केलं ना गुरुजी? मले काऊन नाई सांगतलं? या बाईनं महिना पाह्यला अन् माही बायको गेली. हिच्या हातचं खाऊन राह्यलो मी?"

"लेकराले पोटभर जेवू दे," गीताबाई म्हणाल्या. "मी जातो. तू बस."

आणि जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तुमचं लक्ष नव्हतं, तुम्ही इराच्या चपला शोधत होतात. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी हातात निरांजन घेऊन उभाच होतो. तुम्ही गेलात, मागोमाग त्या गेल्या. वाण तसंच राहिलं.

शरयूची आई म्हणाली, "तुम्ही मध्ये का नाही पडलात? सगळ्या गावाला शहाणपण सांगता."

मी म्हणालो, माय-लेकाच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये.

शरच्चंद्र


बुलढाणा
बुधवार, ३ जून २०२६

प्रज्वलराव,

दोन दिवस जेवण गेलं नाही. आज लिहून टाकतो. नमनाला तेल घालवत नाही.

२० जुलै २०२३, गुरुवार. अधिक श्रावणाचा तिसरा दिवस. मी एका यजमानाकडे पोथी वाचत होतो. फोन वाजला. नंबर अनोळखी.

"गुरुजी, मी गीताबाई बोलून राह्यली. शरयूची सासू. फोन ठेवू नका. पोरीच्या पित्ताच्या पिशवीत खडे हायेत. दोनदा कळ आली. डाक्टर म्हणते मंगळवारी काढून टाकू. पण धोंड्याचा महिना लागला. मले काई समजत नाई. तुमी बाप हाय तिचे. तुमी सांगसान तसं करू."

चार वर्षं मी त्या घराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लेकीने रजिस्टर लग्न केलं, भाजीपाला पिकवणाऱ्याच्या घरात गेली, म्हणून मी चार लोकांत सांगितलं होतं की मला मुलगी नाही. आणि ती बाई मला म्हणत होती, तुम्ही बाप आहात.

मी म्हणालो, "अधिकात शरीराला शस्त्र लावू नये. महिना सरू द्या. निज श्रावण लागला की बघू."

एवढंच. फोन ठेवला आणि पुढचा अध्याय वाचायला घेतला. आवाजही कापला नाही.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजींचा समज तसा असेल. नाही. मला नीट ठाऊक होतं. लग्न, मुंज, वास्तू या महिन्यात करत नाहीत. औषधोपचाराला अडकाठी नाही, कधीच नव्हती. हे कुठलाही शिकाऊ भिक्षुक सांगेल. आणखी सांगतो. आदल्याच दिवशी तहसीलमधले भगवंतराव विचारायला आले होते, त्यांची अँजिओप्लास्टी होती. त्यांना मी म्हणालो होतो, "आजाराला कसला महिना? आजच जा." ते गेले. आता रोज सकाळी माझ्या दारावरून फिरायला जातात, हात करतात. मी खिडकीतून बाजूला होतो.

म्हणजे परक्याला खरं सांगितलं आणि पोटच्या पोरीला खोटं.

दवाखान्यात गीताबाईंना मी पाहिलं तेव्हा वाटलं, आता ही बोट दाखवणार. त्यांनी दाखवलं नाही. तेराव्याला दाखवलं नाही. तुम्ही घर सोडलंत तेव्हाही नाही. २४ मेच्या रविवारी त्या आल्या तेव्हा मी त्यांना पडवीत विचारलं, शरयूची आई आत गेली होती तेव्हा, की तुम्ही माझं नाव का घेतलं नाही? तर म्हणाल्या, "तुमाले एकच पोरगी होती. ते गेली. आता हे बी तुमच्या बोडक्यावर काहाले ठेवू?"

तीन वर्षं त्या बाईने माझं पाप आपल्या घरात ठेवून घेतलं. आणि मी तुम्हाला पत्रात लिहिलं, बाई शिकलेली नाही, अज्ञानाला क्षमा असते! रविवारी तुम्ही माझ्या देखत त्यांना बोललात. एक शब्द मी बोललो असतो तर त्यांचा मुलगा त्यांना परत मिळाला असता. पण मग इरा आमच्याकडे पुन्हा आली नसती. मी तो हिशेब उभ्या उभ्या केला आणि गप्प बसलो. तुम्हाला हेही कळायला हवं.

तुमच्या आईने तुमच्या बायकोला मारलं नाही. तिने विचारायला हवं त्या माणसाला विचारलं, आणि त्या माणसाने तिला फसवलं. तुम्ही त्यांच्याकडे जा. माझं काय करायचं ते नंतर ठरवा.

हे पत्र पेटीत टाकण्याआधी शरयूच्या आईला वाचून दाखवणार आहे. तिलाही माहीत नाही.

शरच्चंद्र


बुलढाणा
सोमवार, १५ जून २०२६

प्रज्वलराव,

हे शेवटचं पत्र. उत्तराची अपेक्षा नाही.

त्या दिवशी मी वाचून दाखवलं तेव्हा शरयूची आई भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं. पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी करून पाकिटात घातलं, स्वतः जाऊन टपालात टाकून आली. मग पिशवी भरली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "विहिणीकडे. ती तीन वर्षं एकटी आहे." आल्हादने तिला स्टँडवर सोडलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला न विचारता कुठे गेली नव्हती. डाळ-भात मला लावता येतो, तसं काही अडत नाही. पण घरात दुसरं माणूस नसलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो, आणि माझा मला सहन होत नाही.

परवा शनिवारी मी संग्रामपूरला आलो, ते तिला न्यायला नव्हे. गीताबाईंच्या पाया पडायला आलो होतो. तुम्ही तिथे असाल हे मला ठाऊक नव्हतं. शेताच्या कोपऱ्यावर उतरलो तेव्हा दिसलं, मिरचीच्या वाफ्यात इरा तुमच्या आईचा पदर धरून चालत होती आणि शरयूची आई बाजेवर बसून मिरच्यांचे देठ काढत होती. म्हणजे माझं पत्र पोचलं होतं. मी तिथूनच परत फिरलो असतो तर शहाणपणाचं झालं असतं.

तुम्ही मला पाहिलंत. धुऱ्यापाशीच, बांधावरच अडवलंत.

"तिथंच थांबा. इकडं येऊ नका."

मी थांबलो.

"एकच सांगा. काऊन? काऊन म्हणलं तुमी तसं?"

माझ्या उत्तराची वाट न पाहता तुम्ही म्हणालात, "तुमी मारलं तिले. सख्ख्या बापानं." मी मान खाली घातली. तेच ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो आणि ऐकल्यावर थोडं हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात तुमच्या आई वाफ्यातून आल्या. "थांब बे, प्रज्वल. तुले अर्धंच मालूम हाय. त्यायनी अर्धंच लिहिलं, कारन त्याहिले बी अर्धंच मालूम हाय."

पुढचं तुम्हीही ऐकलंत, तरी लिहितो. मला बरोबर ऐकू आलं की नाही याला साक्षीदार तुम्हीच आहात.

त्या म्हणाल्या, "मी फोन ठेवला अन् पोरीले सांगतलं, तुहा बाप नको म्हणते. पण मले डाक्टरचं खरं वाटते, आपण मंगळवारी जाऊ, तुह्या बापाले काय मालूम पडते? तर ते हासली. म्हणे, आई, बाबा चार वर्षांनी माझ्यासाठी काहीतरी बोलले. ते म्हणाले ना, मग थांबायचं. महिना सरला की ते मला फोन करतील, बघा तुम्ही. लय समजावलं मी. मंगळवारी दवाखान्यात जाले तयार झाली नाई. अन् मले शपथ घातली, प्रज्वलले सांगू नका, तो बाबावर चिडंल, मग ते कधीच येणार नाईत. रोज फोन उशाशी घेऊन झोपे."

तुम्ही धुऱ्यावर खाली बसलात. तुमच्या आईने तुमच्या डोक्यावर हात ठेवला. मी उभाच होतो. मला कोणी बस म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. शरयूची आई बाजेवरून उठलीसुद्धा नाही. थोड्या वेळाने मी स्टँडकडे चालू लागलो.

आता तुमच्या 'काऊन'चं उत्तर. एसटीत बसल्यावर ते सापडलं, किंवा आधीपासून होतं आणि मी बाहेर काढत नव्हतो.

सासूने फोन केला याचाच मला राग आला होता. मला वाटलं, ही स्वतः का विचारत नाही? बाप हवा आहे, पण फोन सासूने करायचा? म्हणून मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. मला खात्री होती की ते कानावर गेल्याबरोबर शरयू भडकेल. शास्त्र तिला माझ्याइतकं येत होतं, माझ्याच पोथ्या वाचून मोठी झालेली. ती तडक फोन करेल आणि म्हणेल, "बाबा, हे कुठे लिहिलंय? पान दाखवा." मग मी म्हणणार होतो, "अगं वेडे, कुठेच नाही. कर ऑपरेशन. मी आणि तुझी आई निघालो." वाक्य तयार होतं. पाठ केलं होतं मी. वीस दिवस फोन पूजेच्या पाटाशेजारी ठेवून बसलो होतो. दर वेळी वाजला की वाटायचं, आली भांडायला.

तिकडे ती माझ्या फोनची वाट पाहत होती.

आठ वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं की देवाला आंघोळ रोज कशाला, तो कुठे मळतो? सोवळं, उपास, शिवाशीव, एक गोष्ट तिने वाद घातल्याशिवाय सोडली नाही. लग्नसुद्धा माझ्याशी भांडूनच केलं. एकोणतीस वर्षांत त्या पोरीने माझं एकही म्हणणं मुकाट्याने ऐकलं नव्हतं. हे एकच ऐकलं.

शरच्चंद्र